वेंडेल आणि वर्तुळातला षटकोन

माझा धाकटा भाऊ वेंडेल तीस वर्षं ओकच्या लाकडाची पिंपं करतोय. त्याच्या पिंपातून वाइनचा एक थेंब गळला तर नाव बदलीन मी! पण गणिताचं नाव काढलं की ह्या दांडग्याची गाळण उडायची.

आमच्या कारागीर शाळेतले पिंपांचे मास्तर यंदा निवृत्त झाले. त्यांच्या जागी सगळ्यांना वेंडेलच हवा होता, आणि त्यालाही दुसरं काही नको होतं. पण शिकवायचं तर शालांत परीक्षा पास लागते, ती ह्याने तरुणपणी अर्धवट टाकलेली. बाकीचे विषय सुटले, गणितात दोनदा आपटला. सप्टेंबरपर्यंत पास झाला नाही तर पिंपांचा वर्गच बंद, असं हेडमास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं.

आणि चुका तरी कसल्या! सात मुलांच्या गुणांची सरासरी काढायची होती. ह्याने सगळ्यात कमी गुणांचा मुलगा बाजूला काढून सहांचीच काढली.

"अरे, त्याला का वगळलंस?"

"ताई, किडकी फळी कोण पिंपात घालतं?"

कपाळ माझं! त्रिज्या काढायला सांगितली तर उत्तर तीन मिलिमीटर जास्त. का, तर झाकण खोबणीत घट्ट बसायला हवं. त्याची शिकवणी घेणाऱ्या इल्दिकोबाईंनी हात जोडले. "वेंडेल, कागदाला गळती लागत नाही हो!"

जूनमध्ये तिसऱ्यांदा लेखी दिली. शंभरात एकवीस. पंचवीस हवे होते. पण इतपत मिळाले की तोंडी परीक्षेला बोलावतात. तीच शेवटची संधी.

तोंडीच्या दिवशी परीक्षकांच्या टेबलावर पांढरी चादर आणि पोगाचे, म्हणजे छोटे खारे पाव, लागतात. ते मीच भाजते, शाळेचं स्वयंपाकघर माझंच. मला कोण अडवणार? ट्रे घेऊन गेले ती भिंतीशीच उभी राहिले. लग्नातल्या काळ्या सुटात वेंडेल घामाघूम झालेला. त्याने प्रश्नाची चिठ्ठी उचलून वाचली. वर्तुळातल्या सुसम षटकोनाची बाजू त्रिज्येएवढी असते, हे सिद्ध करा.

"हे तर मी रोज करतो!" म्हणून त्याने फळ्यावर वर्तुळ काढलं आणि कंपासचं अंतर तेच ठेवून कडेने पावलं टाकत नेली. सहावं पाऊल बरोबर पहिल्या खुणेवर पडलं. "झाकण आम्ही असंच मापतो. खोबणीतून सहा पावलांत फेरी पुरी झाली की कंपासचं ते अंतर हीच झाकणाची त्रिज्या."

परीक्षकांच्या अध्यक्षबाई बाहेरगावच्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जुळतं ते दिसलं. का जुळतं?"

वेंडेलने कंपास पुन्हा वर्तुळावर ठेवून बघितला. बोल की रे मेल्या! मी मनात ओरडत होते.

"कधी विचारच केला नाही," तो म्हणाला.

"मग आता करा."

त्याने मध्यबिंदूपासून सहाही खुणांपर्यंत रेघा ओढल्या. "सहा सारखे कोन. तीनशेसाठ भागिले सहा, साठ." खडू थांबला. "ह्या दोन्ही बाजू त्रिज्याच, म्हणजे खालचे दोन कोन सारखे. उरले एकशेवीस... साठ, साठ! तिन्ही कोन साठ, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या! मग ही तिसरी पण त्रिज्येएवढीच!" तो गर्रकन वळला. "अहो बाई, हे नेहमीच जुळणार! पिंप केवढंही असू दे!"

दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या इल्दिकोबाई चक्क टाळ्या वाजवायला लागल्या. अध्यक्षबाईंनी डोळे वटारले आणि मग स्वतःच हसल्या.

दुपारी सगळ्यांना उभं करून निकाल वाचला. गणित, उत्तीर्ण. अध्यक्षबाई टेबलामागून पुढे आल्या, त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अभिनंदन, मास्तर."

मास्तर! आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला मास्तर म्हटलं नव्हतं. मी रिकामा ट्रे टेबलावर आदळला आणि सगळ्यांदेखत त्याला कवटाळलं.

"ताई, सूट चुरगळेल," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर ढसाढसा रडला.