फ्यूजले म्हटलं
गरम कापडाचा वास आला की बल्लारपूरची ती पावसाळी दुपार आठवते. पुढच्या खोलीत आमची लाँड्री होती, मागे बाबांची खाट. लकव्याने त्यांची वाचा गेली होती. गॅसवरचा जुना ड्रायर फिरत होता पण तापत नव्हता, आणि बाबांसाठी कोरडी चादर उरली नव्हती. भाऊ मीटर लावून एकेक पार्ट तपासत होता. चांगल्या पार्टवर मीटर वाजलं की 'बोलला' म्हणायचा. फ्यूजवर ते वाजलंच नाही. "हा तं बोलूनच नाई राह्यला. गेला समज, फेक त्याले," तो म्हणाला. मी वळून पाहिलं तर बाबा रडत होते. "बाबा, फ्यूजले म्हटलं जी," भाऊ पुन्हा पुन्हा सांगत राहिला. नवा फ्यूज टाकल्यावर संध्याकाळी चादर वाळली. ती अंथरताना बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते जाईपर्यंत तसंच. "समजलं असंल न त्याईले?" भाऊ अजून विचारतो. मी हो म्हणते. मला तसं वाटत नाही.