सोनेरी रोगणाखालचा डाग

पातं पाण्यातून काढलं की तो त्याची सपाट बाजू जिभेच्या टोकाला लावायचा. आपण आमटीचं मीठ बघतो ना, तसं. मग तोंड वाकडं करून म्हणायचा, "अजून खारट आहे." तेवढ्यावर माझं दिवसभराचं काम अडायचं. माझ्या दुकानातला तो कारागीर मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

कृष्णपुऱ्याजवळ माझं जुनी हत्यारं साफ करायचं दुकान आहे. जौहरदार पोलादाची, म्हणजे अंगावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेली पाती आमच्याकडे येत. नक्षी उठावी म्हणून पातं ॲसिडमध्ये बुडवायचं, त्याचा खार जिभेला लागेनासा होईपर्यंत पुनःपुन्हा धुवायचं, आणि गंज लागू नये म्हणून वर सोनेरी रोगण चढवायचं. त्या रोगणावर तो बारीक वेलबुट्टी काढायचा. जुनी मराठी घराणी माझ्या दुकानाचं नाव घेत नसत. "उस्तादांच्याच हातून करा," म्हणत. ते मला झोंबायचं.

"उस्ताद, आज देणार की पुढच्या दसऱ्याला?"

"तुम्हीच चाटून बघा ना, भिया," तो मान वर न करता म्हणायचा. "तशी जुबान तर खूप चालते तुमची."

एकदा दसऱ्यानंतर तुकोगंजातल्या एका वृद्ध गृहस्थांनी घरची कट्यार आणली. पूजेचं ओलं हळदकुंकू कोणी पुसलंच नव्हतं, ते नक्षीत रुतून बसलं होतं. नातवाच्या लग्नात नवरदेवाच्या हातात तीच हवी होती. उस्तादाने ती ॲसिडमधून काढून चार वेळा धुतली आणि चारही वेळा जिभेला लावून परत पाण्यात टाकली. लग्नाच्या आदल्या दिवशी तो जेवायला गेला, तेव्हा मी कट्यार पुसली आणि स्वतःच रोगण चढवलं.

परत आल्यावर त्याने ती पाहिली. "आता खार आतून खाईल," म्हणाला, आणि वेलबुट्टी काढली नाही. मी तशीच पाठवून दिली.

पावसाळ्यात ते गृहस्थ कट्यार घेऊन आले. रोगण जागच्या जागी होतं. त्याखाली तपकिरी डाग पसरले होते, अर्धी नक्षी गेली होती.

"हे कोणी केलं?"

तो माझ्या शेजारीच बसला होता. मी म्हणालो, "उस्तादांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, साहेब."

तो उठला. ब्रश धुतले, फडक्यात बांधले आणि गेला. पुढे कुठल्याच घराण्याने त्याच्या हाती पातं दिलं नाही.

दोन वर्षांनी मी शहराबाहेर राऊ गावात त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने मला दारातच उभं ठेवलं.

"तुकोगंजला सांगितलं?"

"नाही."

"मग मला काय सांगता? मला तर मालूमच आहे." आणि दार लावून घेतलं.

तुकोगंज माझ्या दुकानापासून पंधरा मिनिटांवर. मला पोचायला आठ महिने लागले. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांना इथे घेऊन या. हेच त्यांच्यासमोर बोला."

तो आठवड्यापूर्वीच वारला होता. खरं सांगायचं तर, म्हणूनच मला तिथवर जायचा धीर झाला होता.