एकसष्टावं पान

आमच्या जोगेश्वरीच्या नाक्यावर कोणी उतारा ठेवला की त्यातला नारळ मी घरी आणायचो आणि चटणी करून खायचो. लिंबाचं सरबत. बायको शिव्या घालायची, पण मला आजवर साधी शिंक आली नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण खालचं वाचून कोणीतरी म्हणणारच, म्हातारा भोळसट आहे. शिक्षण माझं चौथी. पण पन्नास वर्षं बोर्ड रंगवलेत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत. दुकानं, दवाखाने, शाळासुद्धा — ज्या शाळांनी मला आत घेतलं नसतं त्यांची नावं माझ्या हातची आहेत.

माझी सून मेधा साकीनाक्याला एका गाळ्यातल्या ऑफिसात फॉन्ट बनवते. म्हणजे कॉम्प्युटरमधली अक्षरं. तिनेच हट्ट धरला, अण्णा, तुमच्या हाताचा फॉन्ट करायचा. दीड वर्ष मी ब्रशने अक्षरं काढली, तिने ती आत घेतली, बारीक केली, जाड केली. फॉन्टचं नाव ठरलं ‘गणपत’. म्हणजे मीच.

मग आली तपासणी. मेधा म्हणाली, मी स्क्रिप्ट लिहिलीय. मला वाटलं ही आता नाटकात शिरली.

"नाटकाची नाही हो अण्णा. कॉम्प्युटरला दिलेला हुकूम. तो शब्दांची यादी घेतो, प्रत्येक शब्द आपल्या फॉन्टमध्ये लावतो आणि साठ पानं काढतो. अक्षर फुटलं की तिथे लाल खूण."

साठ पानं निघाली. लाल खूण एक नाही. मी चष्मा लावून सगळी बघितली आणि म्हटलं, "ही काय परीक्षा नाही."

"मग कशी असते परीक्षा?"

इथेच माझी वाट लागली. कारण परीक्षा कशी असते ते मला ठाऊक होतं... पण आठवत नव्हतं.

मला ब्रश धरायला शिकवलं बाबल पेंटरने. मालवणकडचा माणूस, बुटका, तोंडात कायम शिवी. शिकाऊ माणसाचा हात तयार झाला की नाही हे बघायला तो बाराखडी काढायला लावायचा नाही. त्याची स्वतःची एक ओळ होती, मालवणीतली, अर्थ काही नाही. ती पत्र्यावर काढायची, त्याने बघायची आणि लगेच रॉकेलच्या फडक्याने पुसायची. सगळी खोडील अक्षरं त्या एका ओळीत बसवलेली. ती जमली की तू पेंटर. मला सात महिने लागले. ती ओळ कागदावर कधीच कोणी लिहिली नाही, आणि चाळीस वर्षांत माझ्या डोक्यातूनही गेली. त्यात कुठेतरी भोपळा होता, एवढंच राहिलं होतं. तेही मी मेधाला सांगितलं नव्हतं — सांगून काय, सून हसली असती.

एवढ्यावर मी अडून बसलो. फॉन्टमध्ये काहीतरी राहिलंय, सही देणार नाही. मेधाचे साहेब, वय असेल पस्तीस, मला समजवायला लागले.

"काका, एरर शून्य आहेत. मशीनने पास केलंय."

"मशीनला विचारलंस काय ते आधी सांग."

"शनिवारी फॉन्ट बाहेर जाणार. तुमची सही नसेल तर दुसऱ्या नावाने जाईल. मला थांबता येणार नाही."

दीड वर्षाचं काम, माझा हात, आणि नाव भलत्याचं. नाहीतर माझं नाव, आणि आत कुठेतरी खोट. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. ओळ आठवायचा प्रयत्न करून डोकं भणभणलं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास मेधा मला ऑफिसात घेऊन गेली. म्हणाली, शेवटचं एकदा छापते, तुमच्यासमोर. तिने बटण दाबलं. बाहेर लख्ख ऊन, बाजूच्या गाळ्यात लेथ मशीन चालू, साहेब फोनवर. भुताखेताचं वातावरण म्हणतात तसलं काहीच नव्हतं. पानं पडत गेली, मी मोजत गेलो. साठ झाली.

मग प्रिंटरने अजून एक कागद ओढला.

मेधा म्हणाली, "कोरा असेल." कोरा नव्हता. सगळ्यात जाड अक्षरात, मधोमध एकच ओळ —

कर्हाडच्या म्हाताऱ्यान कुर्हाडीन भोपळो फोडल्यान.

खाली बारीक आकड्यात, दर पानावर असतं तसं: पान ६१ / ६०.

मी ती मोठ्याने वाचली आणि खुर्ची शोधली. मेधाने पाणी दिलं. "अण्णा, हे कोणी टाकलं? भोपळो काय, फोडल्यान काय... असले शब्द माझ्या यादीत नाहीतच."

"बाबल पेंटरने टाकलं," मी म्हटलं. "तो वारला तेव्हा तुझा नवरा दुसरीत होता."

तिने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. आणि तिचा चेहरा बदलला. भुताने नाही, अक्षराने. बोट ठेवून म्हणाली, "अण्णा, हा र बघा."

कऱ्हाड, कुऱ्हाड, म्हाताऱ्या — यांत आपला मराठी र पापणीसारखा आडवा बसतो. डोक्यावर रेफ देऊन भागत नाही. म्हाताऱ्यात तो नीट बसला होता. पण र ला ह जोडला की आमच्या फॉन्टमध्ये पापणी गायब आणि रेफ थेट ह च्या डोक्यावर. कर्हाड. कऱ्हाडच्या माणसाने बघितलं असतं तर मला जोड्याने मारलं असतं.

मेधाने यादी उघडली. ज्याने यादी टाईप केली होती त्याने असे सगळे शब्द रेफ देऊनच लिहिले होते. कॉम्प्युटरला ते बरोबर दिसले. पापणीच्या र ला ह जोडलेला एक शब्द हजारो शब्दांत नव्हता. विचारलंच नाही तर तो सांगणार कुठून.

तिने तीच ओळ हाताने टाईप केली. तस्सं फुटलं.

साहेबांना बोलावलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "काका, हे गेलं असतं तर माझी लाज गेली असती. शनिवार राहू दे, थांबतो."

"तुझी नाही रे," मी म्हटलं. "माझी. नाव कोणाचं आहे?"

मी तिथेच ब्रश मागवला. ऱ्ह काढला — पापणी जरा आखूड, नाहीतर ह च्या पोटात घुसते. हे बाबलने मला कानाखाली देऊन शिकवलं होतं. पहिल्या फटक्यात जमला. आजूबाजूची शिकलेली पोरंपोरी उठून बघायला आली, मोबाईलने शूटिंग केलं. मी मुद्दाम दुसऱ्यांदा काढला, सावकाश, नीट दिसावं म्हणून. सोमवारपर्यंत मेधाने तो सगळ्या जाडींत बसवला. मग मी सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

आता राहिलं ते सांगतो. मेधा देवालासुद्धा हात जोडत नाही. तिने ती स्क्रिप्ट ओळीओळीने तपासली. परत तीन वेळा छापून बघितलं — साठच पानं. कॉम्प्युटरमधली फाईल साठ पानांची. प्रिंटर त्या ऑफिसचाच, बाहेरचं कोणी त्याला जोडलेलं नाही. कोणी म्हणालं, काका, तुम्ही झोपेत बडबडला असाल आणि सुनेने ऐकलं असेल. बरं, ऐकलं. मग यादीत न टाकता छापलं कसं? आणि साठातलं एकसष्टावं पान कुठून आणलं?

तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. हिचं नाही. माझ्याकडेही नाही आणि मी शोधतही नाही.

ज्याला थाप वाटते त्याने गणपत फॉन्ट लावावा, आणि कऱ्हाड लिहून बघावं.