डोळे तपासायला

माझ्या थोरल्या बहिणीला मी खोटं बोलून नेलं. "डोळे तपासायला जाऊ, बाय," म्हणालो. चष्म्यासाठी ती वर्षभर माझ्या मागे लागली होती, त्यामुळे ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. मी नेलं मनोरुग्णालयात.

त्याआधी आठ-दहा दिवस तिला झोप नव्हती. तानसाकडच्या आमच्या शेतात, बांधावर एकटीच मोठ्याने बोलत फिरायची. उपचार हवेच होते, हे मी आजही म्हणेन. पण तिला विचारायला कुणाचं काय जात होतं? डॉक्टर माझ्याशी बोलले, कारकुनाने अर्ज माझ्यापुढे सरकवला, मी सही ठोकली. बाजारात शेळीचा सौदा होतो, तसं तिच्यादेखत सगळं ठरलं.

पुढच्या भेटीत तिने एवढंच विचारलं, "मी घरी कधी यायचं, ते ठरवतं कोण?" ते विचारायला शहापुरात मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे गेलो, तर त्यांनी मलाच फैलावर घेतलं. आपल्या वतीने कोणी बोलायचं ते रुग्णाने ठरवायचं. कोऱ्या कागदावर लिहून सही नाहीतर अंगठा पुरतो. दाखल करणं मान्य नसेल तर पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, वकील फुकट मिळतो. आणि हे तिला सांगणं रुग्णालयाचं काम होतं. माझं डोकंच फिरलं.

वकीलबाईंना घेऊन, कोरा कागद घेऊन रुग्णालयात गेलो. बहिणीने माझं नाव सांगितलंच नाही. ठाकरवाडीतली मैत्रीण सांगितली, जिच्याशी तिची भातलावणीची सावड होती. एक दिवस हिच्या शेतात, एक दिवस तिच्या.

कारकून म्हणाला, "रक्ताचं नातं लागतं."

"कुठे लिहिलंय, दाखवा," मी म्हणालो.

त्याला दाखवता येईना, तरी कागद घेईना. असल्यांच्या हाती माणसं कोंडायच्या किल्ल्या दिल्यात! वकीलबाईंनी कलम नाकासमोर धरलं, तेव्हा कुठे कागद घेतला.

मैत्रीण आली, बहिणीसमोर उकिडवी बसली. "तुला काय पायजे गो? घरी यायचं का हितंच रावाचं?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"घरी. गोळ्या घेईन."

मैत्रिणीने तेच मंडळापुढे सांगितलं आणि मंडळाने सोडलं.

निघताना मी पिशवी घ्यायला पुढे झालो. बहिणीने ती मैत्रिणीच्या हातात दिली.

"डोळं तपासाया आणलं व्हतंस ना रे," ती मला म्हणाली. "मंग चष्मा कुठंय?"