टेप सर्व्हरच्या डोक्यावर

मंडळी, आज माझा पारा चढला. नरसय्यामास्तरांची नात सुजाता चादरींचा कारखाना चालवते. आजोबांची सगळी डिझाइन्स तिच्या सर्व्हरमध्ये, आणि बॅकअपची टेप, म्हणजे त्यांची दुसरी प्रत, त्याच सर्व्हरच्या डोक्यावर ठेवलेली!

“रोज घेते की बॅकअप, आजी.”

“आणि आगीला काय सांगणार? टेप सोडून बाकीचं जाळ?”

सत्तरच्या दशकात मास्तर आणि मी एकाच कारखान्यात होतो, ते चादरींची डिझाइन्स करायचे, मी कारकून. मागाला नक्षी सांगणाऱ्या छिद्रवाल्या पुठ्ठ्यांचा दुसरा संच ते बायकोच्या जुन्या लुगड्यात बांधून घरी न्यायचे. आम्ही हसायचो. मग शेड जळली, आतले पुठ्ठेही गेले. नवी शेड उभी राहिली, तेव्हा मास्तरांच्या घरच्या पुठ्ठ्यांवर माग पुन्हा चालले.

सुजाताला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं सर्व्हरवरची टेप उचलून माझ्या पिशवीत टाकली.

आता दर शनिवारी नवी टेप माझ्या कपाटात येईल. ती स्वतः आणणार आहे.

तुमची दुसरी प्रत कुणाच्या घरी आहे?