सुभेदारांची सरपंचकी

"किस्सा बाद में, रिपोर्ट पहले."

समोरच्याने तोंड उघडलं की सुभेदार उजव्या हाताचा पंजा वाहतूक पोलिसासारखा धरायचे आणि हे वाक्य टाकायचे. आता गोंडपिपरीकडची माणसं तुम्हाला माहीत असतील. बोअरिंगचा दांडा तुटला एवढंच सांगायचं असतं, पण सुरुवात होते ती बोअरिंग खोदली तेव्हा आजा जिवंत होता की नव्हता इथून. अशा गावात हे वाक्य म्हणजे अर्ध्या गावाचं तोंड बंद करणं होतं. लोक रिपोर्ट देऊन टाकायचे आणि पोटात अडकलेला किस्सा माझ्याकडे घेऊन यायचे. मी तिथला ग्रामसेवक. किस्से ऐकणं हा माझ्या नोकरीचाच भाग झाला होता.

पलटणीतून पेन्शनीत आलेला हा माणूस सरपंच कसा झाला, ते ऐकण्यासारखं आहे. गावात दोन गट. दोघांनाही बहुमत नाही. बुद्धविहाराच्या वस्तीतून सुभेदार सदस्य म्हणून निवडून आलेले, कोणत्याच गटाचे नव्हते. दोन्ही गटांनी एकच हिशेब केला. "फौजी माणूस हाये, हुकूम पाळाची सवय असते. सांगू तिथी सही करते." शेवटची कित्येक वर्षं हा माणूस हुकूम देत होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सैनिकांनी राज्यं उभी केली, देश चालवले, असं आपण पुस्तकांत वाचतो. चौकाचौकांत त्यांचे घोड्यावरचे पुतळे असतात. त्यांतल्या एकाला तरी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत बसवून पाहायला हवं होतं. घोडा आधी पळाला असता.

पहिल्याच सभेला सुभेदारांनी उशिरा आलेल्या सदस्यांना दाराशी उभं केलं. रांगेत. त्यात एक बाई सदस्य होत्या, त्या सरळ म्हणाल्या, "सुभेदार भाऊ, मी सैपाक करून येऊन राह्यली. तुमी करून या एक दिवस, मंग उभं करा." सुभेदारांनी विचार केला आणि म्हणाले, "रिपोर्ट बरोबर आहे. बसा." बाकीचे उभेच राहिले.

मला ते एकदा वैतागून म्हणाले होते, "साहेब, पलटणीत हुकूम दिला का पूल तयार होते. इथी हुकूम दिला का चहा तयार होते."

त्यांची खरी घसरण झेंड्यापासून सुरू झाली. सव्वीस जानेवारीला तालुक्यातले एक वजनदार पुढारी आमच्याकडे ध्वजारोहणाला येणार होते. शाळेची पोरं थंडीत कुडकुडत उभी. वेळ झाली, पुढारी नाहीत. उपसरपंच कानाशी लागले, "थोडं थांबू नं सायेब. निघाले म्हणे." सुभेदारांनी घड्याळ पाहिलं, दोरी ओढली, सलामी ठोकली, राष्ट्रगीत झालं. पोरांच्या हातात लाडू पडले आणि मग पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या. पुढारी खाली उतरले आणि वर पाहत राहिले.

सुभेदार अतिशय नम्रपणे म्हणाले, "झेंडा वर गेला भाऊ. आता संध्याकाळी उतरवाले या."

मी लाडवाचं ताट घेऊन पुढं झालो. पुढाऱ्यांनी लाडू घेतला नाही. त्या दिवसापासून आमच्या गावचा सिमेंट रस्ता कागदावरही पुढं सरकेना. सदस्यांना निरोप यायला लागले, जेवणावळी झाल्या. दोन्ही गट पहिल्यांदाच एका चटईवर बसले आणि सुभेदारांवर अविश्वास ठराव दाखल झाला. ठरावाच्या पुढे होता सदस्य देवाजी. पुढचा सरपंच तोच, हेही ठरून गेलं होतं.

सभेच्या दिवशी तहसीलदार आले. सगळे जमले, पण देवाजीचा पत्ता नाही. त्याचं शेत नाल्यापलीकडे, जंगलाला अगदी टेकून. पहाटे वाघाने त्याच्या बैलावर झडप घातली होती. आरडाओरडा झाला तसा वाघ गेला, बैल वाचला, पण मागची मांडी फाटलेली. देवाजीने निरोप पाठवला, बैल टाकून मी येत नाही. त्याच्यावाचून ठरावाला एक हात कमी पडत होता. मला मनातून बरं वाटलं. सुभेदारांचा हुकूम मलाही जाचायचाच, पण नव्या माणसाशी पहिल्यापासून जुळवून घ्यायचं म्हणजे आणखी ताप.

"देवाजी काऊन नाई आला?" सुभेदारांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली.

मी त्यांना बाहेर गाठलं. "कशाला जाता? ते नाही आले तर ठराव पडतो."

"साहेब, तो सदस्य आहे. त्याले सभेत आणनं सरपंचाचं काम. हात वर कराचा का नाई, ते त्याचं काम."

आपल्या साळ्याला मागे बसवून ते गेले. परत आले तेव्हा साळा बैलापाशी थांबला होता, त्याच्या जागी देवाजी. सदऱ्यावर बैलाचं रक्त. तो कोणाकडे न बघता कोपऱ्यात बसला. तहसीलदारांनी हात वर करायला सांगितले. एकेक हात वर गेला. देवाजीचा सगळ्यांत शेवटी, तोही खांद्यापर्यंतच. पण मोजणीत खांद्यापर्यंतचा हातही हातच असतो.

सुभेदार उठले आणि तहसीलदारांना कडक सलाम ठोकला. तहसीलदारांच्या एका हातात कप, दुसऱ्यात बशी. ते गडबडून अर्धवट उभे राहिले. सुभेदार निघून गेले. आम्हाला वाटलं, रुसून घरी गेले.

त्यानंतर ते ग्रामसभेला यायचे, मागच्या भिंतीशी बसायचे. कोणी आज्यापासून सुरुवात केली की पंजा वर जायचा, मग आपण आता सरपंच नाही हे आठवून खाली यायचा. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. चंद्रपूरला नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

शोकसभेत देवाजी सरपंच म्हणून बोलायला उभा राहिला.

"त्या दिवशी सभा झाली," तो म्हणाला, "सगळे मले जेवाले चला म्हनत होते. मी पयले वावरात गेलो. तं सुभेदार तिथी. घरी नाईच गेले ते. ढोरायच्या डाक्टरले घेऊन आले होते. डाक्टर टाके घालून राह्यला, आन हे बैलाचं डोक्सं मांडीवर धरून बसले. मले वाटलं, आता काई तरी बोलतीन. मी त्यायच्या खुर्चीवर हात उचलून आलो होतो. ते म्हनले, पानी आन, सरपंच, तहानला आहे तो. मले सरपंच पयले त्यायनंच म्हटलं."

तो बैल आहे अजून. मागच्या पायाने लंगडतो, तरी मान ताठ ठेवून गल्लीतून असा जातो की गावाने त्याचं नाव सुभेदार ठेवलं. गाव कोणाला सोडत नाही. सुभेदारांच्या बायकोच्या कानावर हे जाऊ नये म्हणून मी पोरांना दटावत होतो. परवा त्यांच्या घरावरून जाताना पाहिलं, बैल फाटकाशी उभा होता आणि बाई त्याच्यापुढं तणीस टाकत होत्या.

"सुभेदार," त्या हळूच म्हणाल्या, "खा. घाई नाई."