बांधाखालची खोली

तळं मालकांचं, बांध मालकांचा, बांधाच्या टोकाला पायथ्याजवळच्या उंचवट्यावरची ती एक खोलीही मालकांचीच. पण बांधाखालून जे पाणी झिरपायचं ते मात्र वहिनींचं, असं तिथे सगळेच चेष्टेनं म्हणत. त्या ओलीवर वहिनींनी भाजीचा मळा केला होता. काकडी, वांगी, पालक, घेवडा. पाणी घालायची कटकट नाही. सुट्टीत नावेत बसायला आलेले पाहुणे जाताना पिशवीभर भाजी नेत आणि म्हणत, "काय हात आहे हो तुमचा!" असे शब्द वहिनींना आयुष्यात दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळाले नव्हते.

त्यांचा नवरा तळ्याचा राखणदार. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून त्याचं नाव पडलं शिट्टीराव. खोल पाण्यात कुणी उतरलं की फुंकायची, एवढंच त्याचं काम. बांधावरचं गवत कापणं, झुडपं मुळासकट उपटणं, घुशींची बिळं बुजवणं हे सगळं वहिनींच्या गळ्यात. मालकांची गाडी दिसली की शिट्टीराव बायकोच्या हातातला विळा ओढून घ्यायचा आणि कपाळ पुसत उभा राहायचा. घाम कुठून आणायचा ते त्यालाच ठाऊक.

हा बांध मातीचा. बांधणारे थोरले मालक आता गेले, पण जाण्याआधी त्यांनी वहिनींना एक गोष्ट शिकवली होती. "मातीचा बांध झिरपतोच. स्वच्छ झिरपतोय तोवर खुशाल झोपा. गढूळ झिरपला, की आतली माती वाहून चालली समजा, आणि ताबडतोब सांगा." तेव्हापासून वहिनी रोज सकाळी झिऱ्याचं पाणी काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवत आणि तळाशी गाळ बसतो का ते बघत. शिट्टीराव हसायचा. "लोणचं मुरलं का गं?"

बांधाखालचा ओढा जिथे वळतो तिथे वन्सांचं घर होतं. खरं तर सासऱ्यांचं. पण म्हाताऱ्याची शुद्ध हरपत आली तेव्हा वन्सांनी ते गोड बोलून स्वतःच्या नावावर करून घेतलं. वहिनी त्याच घरात बाळंत झाल्या आणि मूल जन्मतःच गेलं. त्याच आठवड्यात वन्सं दारात येऊन म्हणाल्या, "पाळणा काही लागणार नाही आता. ही खोली मोकळी करा." शिट्टीराव बहिणीपुढे कधी तोंड उघडत नसे, तेव्हाही उघडलं नाही. बांधाखालच्या खोलीत आल्यावर वहिनींना पहिल्यांदा वाटलं, की इथून आपल्याला कुणी ऊठ म्हणणार नाही.

अशात एका सकाळी बरणीच्या तळाशी गाळ दिसला. वहिनींनी बरणी विसळली, पुन्हा भरली. पुन्हा गाळ. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त.

सांगितलं, तर काय होणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. बांध तपासायला येणारा इंजिनिअर एकदा सगळ्यांसमोर बोलून गेला होता, "दुरुस्ती निघाली तर पायथ्याशी दगडमातीचा मोठा भराव घालावा लागेल. हा मळा जाईल, खोलीही पाडावी लागेल." आणि नाही सांगितलं, तर? बांध फुटला तर पाणी ओढ्यानं सरळ जाणार, वन्सांच्या दारात. खोली उंचावर, ती वाचण्यासारखी होती. हा हिशेब मनात आला तेव्हा वहिनींच्या अंगावर काटा आला आणि थोडं बरंही वाटलं. दोन्ही खरं.

तरी त्या काकड्या घेऊन वन्सांकडे गेल्या.

"वन्सं, थोडे दिवस लेकीकडे राहून या ना. बांधाचं काही खरं दिसत नाही."

वन्सांनी काकडीचं टोक मोडून चाखलं आणि थुंकलं. "कडू आहे. तुझ्यासारखीच. मी लेकीकडे गेले की तू इथे येऊन पसरणार, होय ना? कुणासाठी गं घर पाहिजे तुला? मागे रडायला तरी आहे का कुणी?"

वहिनी उठल्या. आता येऊ दे पाणी, असं त्या ओढ्याच्या कडेनं परत येताना मोठ्यानं म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. पण ओढ्यात शेजारपाजारची पोरं डुंबत होती, आणि एक लहानगी काठावर बसून पायानं पाणी उडवत होती. तिनं वहिनींच्या अंगावरही उडवलं आणि खुदकन हसली. वहिनी तशाच ओल्या कपड्यांनी घरी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, झिरा गढूळ झालाय. मालकांना सांगा."

शिट्टीरावानं सांगितलं, पण आपण रोज बरणी भरून बघतो, आपल्याच लक्षात आलं, असं सांगितलं. मालकांनी तळ्याचं पाणी उतरवायला लावलं. ऐन हंगामात नावा चिखलात बसल्या. इंजिनिअरनं पायथा उकरून पाहिला आणि म्हणाला, "थोडक्यात वाचलात." मालकांनी शिट्टीरावाच्या पाठीवर थाप मारली. वहिनी तिथेच घेवड्याचे वेल उपटत उभ्या होत्या, कारण मशीन आलं होतं. दुपारपर्यंत मळा भरावाखाली गेला, संध्याकाळपर्यंत खोली.

"राहायची सोय बघा कुठेतरी," मालक म्हणाले. "बहीण आहे ना जवळच?"

आता वहिनी वन्सांच्या मागच्या पडवीत झोपतात आणि पुढच्या घरातली भांडी घासतात. बांध भक्कम झाला, तळं पुन्हा भरलं, शिट्टीराव नव्या टोपीत मिरवतो. परवा शेजारीण आली तेव्हा वन्सं वहिनींच्या देखत तिला म्हणाल्या, "आमच्या भावाची बायको म्हणजे ध्यान आहे. बांध फुटणार म्हणून बोंब मारत आली होती. फुटला का? मेला जागचा हललासुद्धा नाही! फुकट भाऊ बेघर झाला हिच्यापायी." शेजारीण हसली. तिच्या कडेवर तीच लहानगी होती, तीही आईचं बघून हसली.

वहिनींनी हातातलं पातेलं पालथं घातलं आणि पोरीकडे नीट निरखून पाहिलं. गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्या विचाराची त्यांना लाजही वाटली नाही. मग त्यांनी पुढचं पातेलं घासायला घेतलं.